चौथा पाय

अण्णा,

शेडचं कुलूप काढायला मला एकवीस दिवस लागले. किल्ली माझ्याकडंच होती, पदराच्या गाठीत. रोज सकाळी पाणी भरताना त्या दाराकडं बघायची आणि कळशी उचलून परत यायची.

आत सगळं तुम्ही ठेवलं तसंच होतं. रंधा कुशीवर झोपवलेला, तुम्ही शिकवला तसा, पातं जमिनीला लागू नये म्हणून. टेबलाच्या फळ्यांना दोरीचा वेढा होता आणि वेढ्यात पिळायची काठी अडकवलेली होती. तीन पाय भिंतीला टेकून उभे होते. चौथा त्यांच्यात नव्हता. तो कोपऱ्यात, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांखाली होता. तिथं तो मी लपवला होता. बाकीच्या तिघांपेक्षा तो एक इंच आखूड होता. मीच आखूड कापला. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणणंही खोटंच. तुम्ही विचारलं होतं. मी सांगितलं नाही.

म्हणून हे लिहायला बसले. सहावीपर्यंतची शाळा, त्यातही शेवटचे महिने गेलेच नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका. तुम्ही म्हणायचे, "तुझं चुकलेलं निदान वाचता तरी येतं. माझं मलाबी वाचता येत नाय."

नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघं वैनगंगेकाठचं गाव सोडून इकडं आलो. आमच्या यांना सिन्नरला कंपनीत काम लागलं होतं, पण खोली मिळाली ती आडगाव नाक्याजवळ, तुमच्या घराच्या मागची. तुमचा ट्रक तेव्हा चालत होता. पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून विचारलं, "काय खाता तुम्ही तिकडची माणसं?" मी म्हटलं, भात. "दोन्ही वेळा?" दोन्ही वेळा. "मंग तुम्ही इगतपुरीवाल्यांचे पाहुणे," म्हणालात आणि पुढच्या फेरीला घाट चढून येताना घोटीहून तांदळाचं पोतं टाकून आणलंत. माझ्या माहेरच्या तांदळासारखा नव्हता तो. पण त्या दिवशी भात शिजल्याचा वास खोलीत पसरला, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की इथं झोप लागेल.

मी भित्री, हे तुम्ही आठ दिवसांत ओळखलंत. यांची बस दहा मिनिटं उशिरा आली की मी तीनदा रस्त्यावर जाऊन यायची. फोन वाजला की आधी वाईटच मनात यायचं. गावाकडून फोन असेल तर कोण गेलं, आणि कंपनीतून असेल तर कुणाचा हात गेला. काकू हसायच्या. तुम्ही हसला नाहीत कधी. गाडी चालवणारा माणूस भीतीला हसत नाही, हे मला नंतर कळलं.

तुम्हीच सांगितलेलं. कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. क्लीनर उडी मारून उतरला, चाकामागं लाकडी ठोकळा सरकवला आणि गाडी त्या बाभळीच्या ठोकळ्यावर थांबली. "त्या दिवसापासनं देवाच्या आधी ठोकळ्याला हात लावतो," म्हणालात. ट्रक भंगारात गेला तरी तो ठोकळा तुम्ही घरी आणला. काकूंनी तो मागच्या दाराला लावायला घेतला, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

गेल्या वर्षी काकू मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. आत लोखंड बसवलं, काकू उभ्या राहिल्या, पण मांडी घालून बसणं संपलं. तेव्हापासून त्या खाटेवर बसून जेवायच्या, ताट मांडीवर घेऊन. तुम्ही खाली पाटावर. एकदा मी वाढत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ती वर, मी खाली. देव्हाऱ्यापुढं बसल्यावानी वाटतंय. नैवेद्य दाखवतोय का जेवतोय तेच कळंना." काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं मी वाढत होते आणि तुम्ही बसून होतात, तवा नाय सुचलं देव्हाऱ्याचं." सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमध्ये ठेवलेल्या ट्रकच्या फळ्यांवरची ताडपत्री काढली.

तुमचा प्रकाश ओझरहून आला होता. म्हणाला, "अण्णा, तयार टेबल मिळतं. उद्या सांगतो, परवा घरी येतं."

"काचंचं आणशील."

"लाकडाचं आणतो मग."

"ते भुश्श्याचं असतं. पाणी सांडलं की फुगतं." फळीवर थाप मारून तुम्ही म्हणालात, "ही सालाच्या झाडाची हाय. लोखंडाचा थोरला भाऊ. हिच्यावरनं जगाचा कांदा गेला, द्राक्षं गेली. आता आपली भाकर ठेवू."

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. मी कळशीकडं बघितलं.

आपल्याकडं काय होतं, अण्णा? एक हातकरवत. शेजारच्या आळीतून मागून आणलेला रंधा. दोन पटाशा, त्यातल्या एकीचं टोक तुटकं. कधी मिळणारं, कधी न मिळणारं ड्रिल. आणि टेप. त्या टेपचं तोंड कधीच तुटलेलं होतं, पहिला इंच गायब. "एकवर धरायचं आन् एक जास्त मोजायचा," एवढंच तुम्ही सांगितलंत. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बारीक रेघा दिसत नव्हत्या. म्हणून मला बोलावलंत. "तू सहावी, मी चौथी. दोन यत्ता पुढं हायेस. आकडं तू वाच."

मला आकड्यांची किती भीती वाटते हे मी तुम्हाला बोलले नाही. वाचायला लागले.

सगळ्यात आधी खिळे. ट्रकच्या तळात किती खिळे असतात हे बाहेरून दिसत नाही, गंजून लाकडात मुरलेले असतात. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तुम्ही सुतळीला बांधलं आणि माझ्या हातात दिलंत. फळीवरून सावकाश फिरवायचं. खिळा असला की चुंबक टकदिशी ओढलं जायचं आणि मी दचकायची. प्रत्येक वेळी. तुम्ही म्हणालात, "दचक. दचकायलाच ठेवलंय तुला. धिटाला खिळा रंध्यात सापडतो, भित्र्याला आधीच."

अण्णा, मला आयुष्यात कुणी भित्री म्हणून कामावर ठेवलं नव्हतं. तुम्ही तपासून झालेल्या एका फळीवर मी गुपचूप पुन्हा चुंबक फिरवलं आणि मला आणखी तीन सापडले. तुम्ही ते तीन खिळे हातावर घेऊन काकूंना दाखवायला नेलेत. "बघ, मिस्त्रीणबाईनं काढले." त्या दिवसापासून मी मिस्त्रीण.

करवतीचा आवाज ऐकायचा, हेही तुमचंच. सरळ चालली की एक आवाज, वाकडी चालली की घशात काही अडकल्यासारखा. फळ्या एकमेकींना चिकटवायच्या तर दाबून धरायला शिकंजे नव्हते. तुम्ही ट्रकची दोरी आणलीत, ताडपत्री आवळायची. दोन वेढे घेतले, मध्ये काठी घातली आणि पीळ दिला. दोरी कुरकुरली, फळ्यांमधून गोंदाचे पांढरे थेंब वर आले. "कांद्याची गाडी अशी आवळली म्हंजी वाशीपर्यंत एक कांदा हलत नाय," म्हणालात. मी दोन पावलं मागं सरकले, दोरी तुटून तोंडावर बसेल म्हणून. तुम्हीही एक पाऊल मागं सरकलात. मला बरं वाटलं.

भांडण मात्र एक राहिलं. ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'अंतर ठेवा'. ती फळी बरोबर मधोमध येत होती. तुम्हाला ती रंधून टाकायची होती. "जेवायला बसलेल्या माणसाला अंतर ठेवा? पाहुणे उठून जातील." मी म्हटलं, राहू द्या, तुमच्या गाडीची तेवढीच अक्षरं उरलीत. तुम्ही म्हणालात, अक्षरं रंगाऱ्यानं काढलेली, त्याचं हस्ताक्षर मी का जपू? आपण तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी तुम्ही रंधा हातात घेतला आणि ठेवून दिलात. "पाय झाल्यावर बघू," म्हणालात.

पायांसाठी तळाखालच्या जाड आडव्या दांड्या होत्या. चार पाय निघाले की लाकूड संपत होतं. पाचवा निघत नव्हता, हे तुम्ही दोनदा बोलून दाखवलंत. एकोणतीस इंचांचा पाय, वर इंचाची फळी. पहिल्या तीन पायांना तुम्ही शेजारी उभे होतात. "एकोणतीस पायजे, म्हणून खूण?" तुम्ही विचारायचे. "तीसवर," मी म्हणायची. "शाब्बास." आणि तरी तुम्ही कापलेला पाय नव्या दांडीला लावून बघायचेच. "टेप खोटं बोलंल. लाकडाला लाकूड लावायचं."

चौथ्या पायाच्या दिवशी तुम्हाला सकाळपासून दम लागत होता. काकूंनी औषधाला आत बोलावलं. जाताना म्हणालात, "थांब मी येईपर्यंत."

मी थांबले नाही. मला वाटलं, अण्णा येतील तर पाय तयार असेल, खूश होतील. मी टेप एकवर धरली आणि खूण एकोणतीसवर केली. लाकडाला लाकूड लावून बघितलं नाही. करवत चालवली. सालाचं लाकूड, हात भरून आले, पण करवतीचा आवाज सरळ होता. शेवटपर्यंत सरळ. तुकडा खाली पडला. मग मी तो पाय बाकीच्या तिघांशेजारी उभा केला.

काय झालं ते बघितल्याबरोबर कळलं. तेवढ्यात अंगणात तुमची चप्पल वाजली. मी पाय उचलला, पोत्यांखाली सरकवला आणि झाडू घेऊन भुसा झाडायला लागले.

"कापला?" तुम्ही विचारलंत.

"कापला."

"लावून बघितला?"

"हो."

"दाव."

"काकूंना पाणी हवंय," मी म्हटलं आणि निघून गेले.

तुम्ही पोती उचलून बघितलीत का, अण्णा? मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या कोपऱ्याकडं बघत उभे होतात. मी आल्यावर म्हणालात, "इथं उंदीर झालाय का गं? पोती हललीत." मी म्हटलं, असेल. तुम्ही बरं म्हणालात आणि स्टुलावर बसून राहिलात. मला तेव्हा सांगता आलं असतं. शेडमध्ये आपण दोघंच होतो, उन्हाची पट्टी तुमच्या गुडघ्यावर आली होती आणि तुम्ही कुठं जायच्या घाईत नव्हता.

का नाही सांगितलं ते आता सांगते. शाळा गरिबीमुळं सुटली असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही तेच सांगितलं. तसं नव्हतं. सहावीत फळ्यावर वर्तुळ काढायचा मोठा लाकडी कंपास होता आमच्या शाळेत, एकच. मधल्या सुट्टीत मी तो हातात घेऊन बघत होते आणि तो मोडला. मी तो जोडून, जागेवर टेकवून ठेवला. तासाला एका मुलीनं तो गुरुजींना आणून दिला आणि तो तिच्या हातात सुटला. गुरुजींनी तिला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. मी समोर बसले होते. ती रडत नव्हती, माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतं म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. मग धान कापणी आली, आईला हात हवाच होता. कुणी बोलवायला आलं नाही.

एवढंच. एक लाकडाची वस्तू मोडली आणि मी गप्प बसले. तेव्हा बारा वर्षांची होते. आता अडतीस.

मी पाय लपवल्यावर चार दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, जड काम नको. तरी करवत तुमच्या हातात असायची आणि फळी मी धरायची. मी नको म्हणाले असते तर? हे मी कुणाला विचारलेलं नाही. तुम्हालाही विचारत नाही. फक्त माझ्याजवळ आहे म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी प्रकाश औषधं आणायला खाली गेला आणि तुमच्याजवळ मी बसले. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. मी घाबरून नर्सला हाक मारणार होते. तुम्ही बोट हलवलंत, नको.

"पाय किती झाले?"

"चार, अण्णा."

"सारखे?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. खरं उत्तर होतं. मी तुमच्या छातीकडं बघितलं, ती वरखाली होत होती, आणि मला वाटलं, खरं बोलले आणि ही थांबली तर.

"सारखे," मी म्हणाले.

"मंग उलटं टाकून बसव. घाई नको करू." आणि डोळे मिटलेत. बोललात ते एवढंच. नंतर प्रकाश आला, मग डॉक्टर आले, आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

दहाव्याला रामकुंडावर मी बायकांमध्ये मागं उभी होते. पिंड ठेवला, सगळे बाजूला सरले. कावळे होते, अण्णा. समोरच्या पत्र्यावर सात-आठ बसले होते. एकही खाली उतरेना. प्रकाश हात जोडून म्हणाला, "आईला मी सांभाळीन." कावळे बसूनच. तुमचे धाकटे भाऊ म्हणाले, "भांडणतंटा करणार नाय, अण्णा, शब्द देतो." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या पत्र्यावर जाऊन बसला. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, "काहीतरी अर्धं राहिलंय त्यांचं." काकू खुर्चीवर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "टेबल." प्रकाशनं पुन्हा हात जोडले. "टेबल पूर्ण करू, अण्णा. सुताराकडून करून घेऊ." आम्ही वाट बघितली.

कावळा आला नाही. टेबल नव्हे, मला माहीत होतं काय हवंय ते. चार पावलं पुढं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण माझं कोण तिथं? मी भाडेकरू. सगळं गणगोत उभं असताना मागच्या खोलीतली बाई पुढं येऊन काय म्हणणार, की मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले? मी बाजूच्या बाईचा पदर धरून उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, हल्ली कावळ्यांना खायला फार मिळतं. खरंही असेल.

त्या दिवसापासून मला घास उतरेना. कावळा ओरडला की हातातलं भांडं पडायचं. हे म्हणाले, गावाला जाऊन ये. गावाला जाऊन काय करू, शेड इथं आहे.

परवा प्रकाश काकूंना सांगत होता, मी ओट्यावर भांडी घासत होते. "रविवारी सुतार येतोय, आई. चारी पाय तयारच आहेत म्हणे, दोन तासांत बसवून देईल." काकू हो म्हणाल्या. रविवार म्हणजे तीन दिवस. सुतार पाय मोजणार. पोती उचलणार. प्रकाश माझ्याकडं बघणार. मला ती बाकावर उभी असलेली मुलगी दिसायला लागली.

काल सकाळी मी काकूंकडं गेले. त्या खाटेवर बसून मेथी निवडत होत्या.

"काकू, सुताराला नका बोलवू."

"का गं?"

"एक पाय आखूड आहे."

"ठाऊक हाय की. डावा."

"तुमचा नाही. टेबलाचा. मी कापला. अण्णांना सांगितलं नाही. दवाखान्यात त्यांनी विचारलं, सारखे आहेत का. मी हो म्हणाले."

काकूंचे हात थांबले. एवढ्या वेळात मी मनातल्या मनात खोली रिकामी केली, भांडी पोत्यात भरली, स्टेशनवर जाऊन बसले.

"किती आखूड?"

"एक इंच."

त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं. "एवढा?"

"एवढा."

काकूंनी पाय पुढं केला आणि डाव्या पायातली चप्पल काढून माझ्यासमोर उलटी धरली. खाली काळ्या रबराची जाड पट्टी. मी ती नऊशे वेळा बघितली असेल, अण्णा, काकू चालल्या की टप-टुप, टप-टुप आवाज यायचा. तुम्ही ट्रकच्या टायरचं रबर कापून चिकटवलेलं, हेही मला माहीत होतं.

"खुबा बसवला तवा डॉक्टर म्हणाला, पाऊण इंच कमी झाला. तुझ्या अण्णानं एका दुपारी ही पट्टी लावली. चालतेय ना मी?" चप्पल खाली टाकून त्यांनी पायात सरकवली. "खोटं बोललीस ते वाईट केलंस. मला लागलं ते. पण त्यासाठी जेवण सोडून बसलीस, भांडी फोडलीस, ते येडेपणाचं झालं. माझे दोन कप गेले."

"त्यांना माहीत होतं का, काकू?"

"मला नाय बोलले." मेथी बाजूला सारून म्हणाल्या, "माहीत असतं तर बोलले असते असंबी नाय. ते माणूस तसंच."

मग त्या उठल्या. टप-टुप करत मागच्या दाराशी गेल्या, वाकता येत नाही म्हणून पायानंच ठोकळा माझ्याकडं ढकलला. दार वाऱ्यानं धाडकन आपटलं. आम्ही दोघी दचकलो.

"हा घे. बाभूळ हाय. आमची गाडी धरली होती यानं, टेबल काय."

म्हणून काल मी कुलूप काढलं.

पोत्यांखालून पाय काढला. टेप घेतली नाही. आखूड पाय आणि चांगला पाय शेजारी शेजारी उभे केले, आणि ठोकळ्याची जाड बाजू आखूड पायाच्या डोक्यावर ठेवून चांगल्या पायाच्या उंचीला पेन्सिलीची खूण केली. लाकडाला लाकूड. कापण्याआधी करवत ठेवून मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. हा एकच ठोकळा होता, दुसरा नव्हता. चुंबक फिरवलं. टक. ठोकळ्यातही एक खिळा होता, अण्णा, कडेला, गंजलेला. मी भित्री नसते तर करवतीचे दात गेले असते. तो काढला आणि खुणेच्या जरा बाहेरून कापलं. जास्त ठेवलं तर कमी करता येतं. मग कानस मारत, लावून बघत, कानस मारत दुपार झाली. गोंद, दोन स्क्रू, आणि तुमची दोरी, काठी, पीळ.

आज प्रकाशला फोन केला. सांगितलं सगळं. तो म्हणाला, "बसवायला मी येतो. सुताराला नको म्हणतो." रागावला की नाही, मला आवाजावरून कळलं नाही. अजून विचार करतेय.

दुपारी तो आला. उलटं टाकूनच बसवलं, तुम्ही सांगितलं तसं, घाई न करता. 'अंतर ठेवा' फळीच्या खालच्या अंगाला घेतलं आहे. रंधलं नाही, आणि पाहुण्यांना दिसणारही नाही. वाकून बघितलं तर वाचता येतं. भांडण असं मिटवलेलं तुम्हाला चाललं नसतं, पण तुम्ही नव्हता.

मग प्रकाशनं आणि मी ते सरळ उभं केलं. मी हात सोडायला तयार नव्हते. "सोडा, ताई," तो म्हणाला. "सोडते," म्हटलं आणि धरूनच राहिले. शेवटी काकूंनी येऊन दोन्ही हात फळीवर टेकले आणि सगळा भार टाकला. टेबल हललं नाही.

संध्याकाळी चौघांनी जेवण केलं. हे सिन्नरहून आल्या आल्या बसले. काकू खुर्चीवर, बाभळीचा तुकडा लावलेल्या पायाच्या कोपऱ्याला. त्यांनीच ती जागा घेतली. भाकरी, मेथी, आणि माझ्यासाठी भात. काकूंनी पहिल्यांदा माझ्या ताटात वाढलं, बसल्या जागेवरून हात लांबवून. त्यांचं तोंड मी आज समोरून जेवताना बघितलं. त्या चावताना डोळे मिटतात, हे तुम्हाला माहीत असेल.

भीती गेली असं म्हणणार नाही. जेवताना मी दोनदा टेबलाखाली हात घालून तो सांधा चाचपला. हे लिहिताना तिसऱ्यांदा. कोरडा आहे, घट्ट आहे. उद्या सकाळीही बघणार. तुम्ही असता तर म्हणाला असता, बघ, बघायलाच ठेवलंय तुला.

तुम्ही दोन प्रश्न विचारले होते, अण्णा. पहिल्याचं उत्तर मी खरं दिलं होतं, चार झाले.

दुसऱ्याचं आज देते. सारखे नाहीत. एक आखूड होता, मी कापला होता.

उभं आहे.

वंदना